अनुभव धागा: कामाला आणि घरच्या मांजर-कुत्र्याला पुरेल असा स्वस्त, छोटा कॅमेरा

दिवसा साइटवर, दुकानात किंवा गोठ्यात कामाचे फोटो आणि संध्याकाळी घरी मांजर नाहीतर कुत्रा. दोन्हीला एकच, खिशात मावणारा आणि परवडणारा कॅमेरा हवा असतो. फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न आधी निकालात काढू. खरा झूम, ग्राहकाची कागदपत्रं क्लाउडवर न जाणं, आणि कॅमेरा कामगाराच्या हाती देताना स्वतःचा फोन द्यावा न लागणं, एवढी कारणं पुरेशी आहेत. यातलं एकही लागू नसेल तर पैसे वाचवा.

नव्यात निवड फार उरलेली नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीनुसार २००८ साली सुमारे ११ कोटी कॉम्पॅक्ट कॅमेरे बाजारात गेले, २०२३ साली जेमतेम १७ लाख. आटला तो मुख्यतः स्वस्तातला बाजार. त्यामुळे आज नवा घ्यायचा तर एकदम प्राथमिक किंवा एकदम महाग, आणि मधलं सगळं जुन्यात.

लिहिताना मॉडेल, वर्ष, काम आणि ते कुठे अडतं एवढं जरूर लिहा. कहाणीपेक्षा आकडे उपयोगी पडतील.

मांजरवाले

मेगापिक्सेल विसरा, उजेडाचा हिशोब करा. रात्री दिवे लावलेल्या दिवाणखान्यात साधारण १६० लक्स उजेड धरू. खेळणारं मांजर पुसट न होता टिपायला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) निदान १/२५० सेकंद हवं. लेन्स एफ १.८ असेल (हा छिद्राचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त) तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १२५० च्या आसपास ठेवून काम भागतं. एफ ३.३ असेल तर ४००० च्या पुढे जावं लागतं. झूम करून एफ ६.३ वर गेलात तर १५००० हून जास्त. सोनी डब्ल्यू८३० सारख्या साध्या कॅमेऱ्याची मर्यादाच ३२०० आहे. मग कॅमेरा शटर मंद करतो आणि मांजराच्या जागी करडा पट्टा येतो. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याला उजेडच पुरत नाही.

दुसरा आकडा सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा. स्वस्त कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी असतो. 'एक इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आयएसओ १६०० वरचा केसाळ पोत एक इंचीत शिल्लक राहतो, १/२.३ इंचीत मेण फासल्यासारखा होतो. म्हणून घरातल्या प्राण्यांसाठी माझं मत ठाम आहे: नव्या १/२.३ इंचीपेक्षा जुना एक इंची घ्या. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२), कॅननचा जी७ एक्स मार्क २ (२०१६), पॅनासोनिकचा टीझेड१०० (२०१६), यांत शोधा.

या तिघांत फरक आहे आणि तो जाहिरातीत दिसत नाही. आरएक्स१०० चा एफ १.८ फक्त २८ मिमीला (झूम न करता), १०० मिमीला (पूर्ण झूमवर) तो ४.९ होतो. जी७ एक्स मार्क २ तिथे २.८ राखतो, म्हणजे तिप्पट उजेड. टीझेड१०० चा झूम २५० मिमीपर्यंत जातो, पण सुरुवातच २.८ ने आणि शेवट ५.९ ने. घरात मांजर असेल तर जी७ एक्स, मैदानात धावणारा कुत्रा असेल तर टीझेड१००, खिसा सगळ्यात लहान असेल तर २४० ग्रॅमचा आरएक्स१००.

साइट सुपरवायझर

वरच्या मताला थोडा विरोध. काम नव्वद टक्के उन्हातलं असेल तर एक इंचीचे पैसे वाया. भर उन्हात १/२.३ इंची सेन्सर आयएसओ १०० वर चालतो आणि अहवालात छापलेल्या फोटोत फरक ओळखता येत नाही. शिवाय सिमेंटच्या धुळीत महाग कॅमेरा न्यायचा जीव होत नाही, मग तो कपाटातच राहतो. कॅनन इक्सस १८५ किंवा डब्ल्यू८३० यांना ८ पट झूम आहे, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तळमजल्यावरून चौथ्या मजल्याच्या सज्जाची चीर दिसते, एवढं पुरतं.

कामासाठी चार गोष्टी पहिल्याच दिवशी लावा. फोटोचा आकार २० मेगापिक्सेलवरून मधल्या आकारावर आणा. १६०० बाय १२०० चा फोटो अहवालाला भरपूर होतो, नाहीतर ४० फोटोंची फाइल ईमेलने जात नाही. तारीख छापण्याची सोय असेल तर ती कामाच्या दिवशीच चालू करा, कारण छापलेली तारीख नंतर पुसता येत नाही आणि मांजराच्या फोटोवरही तीच बसते. डिजिटल झूम बंद करा, तो नुसता काप असतो. आणि घड्याळ फोनशी जुळवून फोनच्या पडद्यावरच्या वेळेचाच एक फोटो काढून ठेवा. पुढे वेळेवरून वाद झाला तर फरक किती होता ते सिद्ध करता येतं.

बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत जीपीएस नसतं. साधा उपाय: पाटीवर इमारत, मजला, खोली, दिनांक खडूने लिहायचं आणि प्रत्येक खोलीचा पहिला फोटो पाटीचा. चीर असेल तर शेजारी स्टीलची पट्टी धरा. एक फोटो दोन मीटरवरून, दुसरा जवळून. नुसता जवळचा फोटो कोणत्या भिंतीचा ते महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही.

रिफायनरी किंवा रसायनांच्या कारखान्यात फोन चालत नाही म्हणून कॅमेरा चालेल असं गृहीत धरू नका. ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात साधा कॅमेराही ठिणगीचं साधनच मानला जातो. आधी परमिट घ्या.

दोन कुत्री, एक बोका

सेटिंग लिहितो, कॅमेरा कुठलाही असो. बीप बंद, फोकसचा लाल-नारिंगी दिवा बंद. हे दोन नाही केले तर प्राणी पहिल्याच फोटोनंतर मान फिरवतो. शटर प्रायॉरिटी (शटरचा वेळ आपण ठरवायचा मोड) असेल तर बसलेल्याला १/६०, चालणाऱ्याला १/२५०, धावणाऱ्याला १/१००० आणि तेही फक्त बाहेरच्या उजेडात. स्वस्त कॅमेऱ्यात ही सोय नसते, तिथे स्पोर्ट्स किंवा किड्स मोड वापरा. काहींत 'पेट' नावाचा मोड असतो, पण तो प्राण्याचा चेहरा ओळखतोच असं नाही. नावाला भुलून घेऊ नका. प्राण्याचे डोळे शोधून फोकस धरणं लहान कॅमेऱ्यांत सोनी आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीत (२०१९) मिळतं, पण ती परवडणाऱ्यात बसत नाही.

उशीर होतो तो फोकसला. बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवा, पूर्ण दाब ऐन वेळी. कुत्रा दारातून पळत येणार असेल तर उंबऱ्यावर फोकस धरा आणि तो उंबऱ्याला यायच्या क्षणभर आधी दाबा.

काळ्या कुत्र्याला कॅमेरा जास्त उजळ करतो, मग काळा करडा दिसतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ करा. पांढऱ्या मांजराला अधिक ०.७.

फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. कॅमेऱ्यातली रेड-आय (फ्लॅशने लाल झालेल्या डोळ्यांची) दुरुस्ती लाल रंग शोधते, हिरव्याला ती हात लावत नाही. आरएक्स१०० चा उघडणारा फ्लॅश बोटाने मागे झुकवून छताकडे वळवता येतो. छत पांढरं असेल तर डोळे चमकत नाहीत आणि केसांचा पोतही येतो. तशी सोय नसेल तर फ्लॅश बंद आणि खिडकीजवळ जा.

अजून एक घोटाळा स्वस्त एलईडी दिव्यांचा. ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० वर बर्स्ट (एका दाबात लागोपाठ फोटो) काढला तर एक फोटो उजळ, पुढचा मंद येतो. शांत बसलेल्या प्राण्याला १/१०० ठेवा, किंवा बर्स्ट मोठा घेऊन चांगले निवडा.

इमिटेशन दागिन्यांचं छोटं दुकान

'मॅक्रो ५ सेंमी' (म्हणजे इतक्या जवळून फोकस होतो) वाचून फसू नका. ते अंतर फक्त वाइडला, म्हणजे झूम न करता असतं. ५ सेंमीवर कॅमेऱ्याची सावली दागिन्यावर पडते आणि कर्णफूल फुगीर दिसतं. झूम केला की आरएक्स१०० ला किमान ५५ सेंमी मागे जावं लागतं, जी७ एक्स मार्क २ ला ४० सेंमी. म्हणजे आरएक्स१०० वर छोटी नथ फोटोत ठिपक्याएवढी. विकत घेण्याआधी दुकानातच झूम पूर्ण करून एक रुपयाचं नाणं किती मोठं येतं ते पाहा. याहून चांगली चाचणी नाही.

ऑलिंपस टफवाले

दागिने, किडे, पिकावरची कीड, मांजराच्या कानातला मळ, या सगळ्याला ऑलिंपस टीजी-५ (२०१७) किंवा टीजी-६ (२०१९) घ्या. मायक्रोस्कोप मोडमध्ये १ सेंमीपासून ३० सेंमीपर्यंत फोकस होतो आणि झूम करूनही होतो. लेन्स बाहेर येत नाही, म्हणून वाळू-धुळीने ती अडकण्याचा प्रश्न नाही. जीपीएस आहे, १५ मीटर पाण्यात चालतो. सेन्सर मात्र १/२.३ इंचीच, त्यामुळे रात्रीच्या खोलीचा वरचा हिशोब इथेही लागू. एफ २ आहे म्हणून थोडं सुसह्य एवढंच.

यात प्रो कॅप्चर नावाची सोय आहे. बटण अर्धं दाबून ठेवलं की पूर्ण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीपासूनचे फोटोही जपले जातात. उडी मारणाऱ्या मांजराला हे सोन्यासारखं आहे.

प्राणी असलेल्या घरात एक काळजी घ्याच: बॅटरीच्या झाकणाच्या रबरी सीलवर कुत्र्याचा एक केस अडकला तरी पाणी आत जातं. दर वेळी झाकण लावण्याआधी सील कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि उजेडात तिरकं धरून बघा.

पशुवैद्यकीय काम

जनावरांच्या विम्याच्या फोटोत कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा १२ अंकी क्रमांक वाचता यावा लागतो. गोठा अंधारा, बिल्ला पिवळाधमक. कॅमेरा गोठ्याचा उजेड मोजतो आणि बिल्ला पांढरा फटफटतो, क्रमांक गायब. उपाय: जनावर दाराशी उजेडात आणा, मालकाला कान धरायला सांगा, दोन मीटर मागून झूम करा, फोकस मधल्या एका चौकोनावर, एक्स्पोजर उणे ०.७, फ्लॅश बंद. बिल्ल्याचा फोटो आणि पूर्ण जनावराचा फोटो लागोपाठ काढा, म्हणजे क्रमांकांची अदलाबदल होत नाही.

जखमेच्या फोटोला दर वेळी ३० सेंमी अंतर, शेजारी मोजपट्टी आणि तोच उजेड ठेवा. ओल्या हिरडीवर फ्लॅश सरळ मारला तर नुसती चकाकी येते, कॅमेरा ४५ अंशांत धरा.

जुने कॅमेरे तपासणारे

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीच्याकडून घ्या, कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी आपली न्या आणि हे करा, पंधरा मिनिटं लागतात.

चालू-बंद दहा वेळा. लेन्स बाहेर येताना करकर आवाज किंवा थबकणं म्हणजे आत कण गेलेला आहे, उद्या ती अडकणारच. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो पूर्ण झूमवर आणि शक्य तेवढ्या लहान छिद्रावर काढा. धूसर डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्सनळी पंपासारखी हवा ओढते, त्यातूनच ती जाते. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स सुटी होत नाही, म्हणून साफसफाईला पूर्ण उकलावं लागतं आणि स्वस्त कॅमेऱ्यात ते परवडत नाही. डाग दिसला की कॅमेरा खाली ठेवा, भाव कितीही कमी होवो.

लेन्समध्ये टॉर्च तिरका मारून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा बघा, ती बुरशी. लेन्स झाकून एक-दोन सेकंदांचा फोटो काढा. तुरळक ठिपके चालतात, रेघ चालत नाही. फ्लॅश पाच वेळा मारा. बॅटरी सपाट काचेवर ठेवून फिरवा, गरगर फिरली तर फुगलेली आहे. झाकणाची खिट्टी तुटकी असेल तर सोडून द्या, ती चिकटपट्टीवर आयुष्यभर टिकत नाही. काही कॅमेरे बंद असताना हलवले की आत खुळखुळतात. ते थरथर रोखणारं भिंग असतं, त्याला घाबरू नका.

मेमरी स्टिक किंवा एक्सडी कार्ड लागणारा फार जुना कॅमेरा घेऊ नका, कार्ड मिळत नाही. खूप जुन्या एसडीवाल्यांत २ जीबीपुढचं कार्ड चालत नाही, तेही विचारा. नवा घेणार असाल तर बिलावर सिरियल नंबर हवाच. भारतीय वॉरंटी नसलेला माल स्वस्त दिसतो, पण दुरुस्तीला दारात उभं करत नाहीत.

बॅटरी आणि कार्डाबद्दल

बजेटमधले दोन हजार बाजूला काढूनच मॉडेल बघा. दुसरी बॅटरी आणि ३२ जीबीचं खरं कार्ड यातच घ्यायचं. कंपनीच्या चाचणीनुसार डब्ल्यू८३० एका चार्जवर सुमारे २१० फोटो काढतो, आरएक्स१०० सुमारे ३३०, टीजी-६ सुमारे ३४०. फ्लॅश आणि झूम जास्त वापरलात तर यापेक्षा कमीच. नवं कार्ड आल्यावर आधी पूर्ण भरून परत वाचून बघा, बनावट कार्ड अर्ध्यावरच गप्प होतं. फॉर्मॅट कॅमेऱ्यातच करा. जुन्या कॅमेऱ्याचं वायफाय ॲप नव्या फोनवर चालेलच असं नाही, म्हणून दोनशे-तीनशे रुपयांचा, थेट फोनला जोडायचा ओटीजी कार्ड रीडर जास्त भरवशाचा.

बॅटरी काढून बरेच आठवडे ठेवलात तर आतला छोटा सेल संपतो आणि तारीख मूळ वर्षावर जाते. पावसाळ्यानंतरचा पहिला कामाचा फोटो काढण्याआधी तारीख बघा.

कोकणातून एक प्रश्न

पावसाळ्यात ठेवायचा कसा? चामड्याच्या केसमध्ये बुरशी लवकर धरते असं ऐकलं.

उत्तर, जुने कॅमेरे तपासणारे

बरोबर ऐकलंत, चामडं ओलावा धरून ठेवतं. केस बाहेर, कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सोबत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के ठेवा. ६० च्या वर बरेच दिवस राहिलं तर बुरशीला आमंत्रण, आणि ३० च्या खाली नेऊ नका, रबर कडक होतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून दहा मिनिटं वापरा. मांजराचे फोटो काढा, लेन्सही हलती राहते. आणि जेल निळ्या दाण्यांचं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. डबा सांडला आणि कुत्र्याने चाटलं तर धोका. नारिंगी दाणे घ्या. हिरवे पडले की मंद तव्यावर परतून पुन्हा नारिंगी करायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घालायचे.