'डॉक ऑफ द बे'मध्ये बी मायनर का नाही?

निशिगंध_६
अमेरिकन गायक ओटिस रेडिंगचं 'सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे' तीन आठवडे गिटारवर बसवतोय. गाणं जी मेजरमध्ये आहे, आणि दुसरी कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बीवरची, म्हणजे त्या सप्तकाच्या नियमाने ती बी मायनर यायला हवी. सरांनीही वहीत तीच लिहून दिलीय. पण रेकॉर्डबरोबर वाजवलं की पहिल्याच ओळीत खटकतं. बी मेजर धरली की लगेच जुळतं. पुढे ए मेजर, ई मेजर, तेही नियमात न बसणारे. हे कुणी मुद्दाम विचार करून केलंय का?

सहावी_तार
तुमच्या कानावर विश्वास ठेवा. या गाण्यात एकही मायनर कॉर्ड नाही, आणि त्याचं कारण ओटिसच्या हातात आहे.

तो गिटार ओपन ई ट्यूनिंगमध्ये लावायचा, म्हणजे मोकळ्या तारांतूनच एक कॉर्ड निघते. जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. काही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की ई मेजर. मग सगळ्या तारांवर एक बोट आडवं टाकायचं: तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्टीवर) जी, सातव्यावर बी, आठव्यावर सी, पाचव्यावर ए. बोट जाईल तिथे मेजरच. मायनरसाठी तिसरी तार बोटाच्या एक फ्रेट मागे दाबावी लागते, आडव्या बोटाने ते जमतच नाही. दुसऱ्या ओळीत सीवरून ए येताना मधले बी आणि बी फ्लॅट ऐका. आठ, सात, सहा, पाच. बोट नुसतं घसरत खाली येतं. मी बारा वर्षं वाजवतेय, पण ही जागा पहिल्यांदा अशी वाजवली तेव्हा गाणं सुचताना तो हात कसा फिरला असेल ते मला दिसलं.

सुरुवात त्याने ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोच्या हाऊसबोटीवर केली. मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत आला तेव्हा गाणं अर्धवटच होतं. उरलेलं गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने त्याच्याबरोबर बसून पुरं केलं. गाण्यातला, जॉर्जियातलं घर सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत आलेला माणूस म्हणजे खुद्द ओटिसच.

पियानोपुढे
कॉर्ड्सचं पटलं. पण मला हे कधी रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते ठेकेदार संगीत, वाटलंच नाही. ओटिसची बाकीची गाणी घामाने निथळतात. हे फार शांत आहे.

सहावी_तार
स्टॅक्सचे मालक जिम स्टुअर्ट यांनाही ते सुरुवातीला रुचलं नव्हतं. पण वाजवणारी माणसं बघा: ड्रमवर अल जॅक्सन, बासवर डक डन, पियानोवर बुकर टी. जोन्स. स्टॅक्सचा ताल ज्यांनी घडवला तेच हे. अल जॅक्सन इथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेवढ्यावर गाणं उभं राहतं. ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) पण हळूच येतं, गाण्याला ढकलत नाही. शिवाय ओटिसच्या घशावर त्या शरद ऋतूत शस्त्रक्रिया झाली होती. आवाज किती जवळून येतो ते हेडफोनवर ऐका.

शेवटची शीळ आधी ठरलेली नव्हती. त्या जागी तो काहीतरी उत्स्फूर्त बोलणार होता, ते राहिलं आणि त्याने शीळ घातली. खाली फक्त जी आणि ई, आलटून पालटून. रेकॉर्डिंग नोव्हेंबर-डिसेंबर १९६७ मधलं. १० डिसेंबरला मॅडिसनजवळ मोनोना तलावात त्याचं विमान कोसळलं. तो २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या त्याच्या साथीच्या बँडमधली कोवळी पोरंही गेली, बेन कॉली तेवढा वाचला.

लाटा आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज क्रॉपरने त्यानंतर मिक्स करताना घातले. आधीच्या एका टेकमध्ये ओटिस स्वतः तोंडाने पक्ष्यांचा आवाज काढतो. मित्राने ते लक्षात ठेवलं. ती शीळ सुरू झाली की मी आजही हातातलं काम थांबवते. जानेवारी १९६८ मध्ये गाणं बाजारात आलं आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिलं आलं. गायकाच्या मृत्यूनंतर त्या यादीत अव्वल ठरलेलं हे पहिलंच गाणं. रिदम अँड ब्लूजच्या यादीतही पहिलंच, म्हणून तुमच्या शंकेचं उत्तर त्या काळच्या श्रोत्यांनीच दिलंय.

निशिगंध, एक काळजी घ्या. ओपन ईसाठी तीन तारा चढवाव्या लागतात, जुन्या असतील तर तुटतात. त्यापेक्षा ओपन डी (तीच रचना, दोन फ्रेट खालच्या स्वरात) लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) घाला. मग फ्रेट कॅपोपासून मोजा.

निशिगंध_६
कॅपो लावून वाजवलं. तीन, सात, आठ, मग घसरत पाचवर. जुळलं! पहिल्या दोन ओळी बोटाला एका दमात कळल्या. मधल्या कडव्यातल्या एफ मेजरचं कोडंही सुटलं, तीसुद्धा पहिल्या फ्रेटवर तेच बोट. उद्या सरांकडे आधी हे वाजवून दाखवतो, वही नंतर उघडतो.