मदत हवी आहे: उतारावरच्या घराचा प्लॅन

संगमेश्वरजवळ आमची 6 गुंठे जागा आहे. रस्ता वरच्या अंगाला, आणि तिथून मागच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) 70 फुटांत 9 फूट उतार. जुलैत छत्री घेऊन तासभर उभा राहिलो, तर लाल पाणी नेमकं घराच्या जागेवरूनच वाहत होतं.

गवंडी म्हणतो, भराव घालून सपाट करू. मला ते पटत नाही. कोकणातल्या पावसात नवा भराव बसतो आणि लाद्यांना भेगा जातात. त्यापेक्षा दोन पातळ्या कराव्यात असं वाटतं: वर ओटी, स्वयंपाकघर आणि बाथरूमसकट आईची खोली; साडेचार फूट खाली आमच्या दोन खोल्या. मध्ये सहा इंची नऊ पायऱ्या. आईचे गुडघे दुखतात, तिला पायरी चढायला लागू नये हीच माझी मुख्य अट.

अडलंय ते इथे: खालच्या खोल्यांची मातीकडची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत ओल धरेल का? मागे खडी आणि पाइप टाकून पाणी बाजूला काढलं तर पुरेल, की तिथे काँक्रीटचीच भिंत हवी? शिवाय विहीर खालच्या कोपऱ्यात आहे, मग सेप्टिक टँक कुठे घ्यावा? उतारावर घर बांधलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. दिवाळीनंतर पाया खणायचा आहे.