आधी कूलर, मग रूळ

होळी झाली की मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या फळीवर, धूळ साचते अन् घरची कामं संपत नाहीत, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. आमच्याकडे नागपुरात परवाच कूलर काढला. ताट्या बदलल्या, टाकी घासली, तोवर गच्चीवरच्या मुंगवड्या राखायचं फर्मान निघालं! बसलो, पण मॉडेल गाडीचा डबा घेऊन. एका हाताने कावळे हाकलायचे, दुसऱ्याने वॅगनची चाकं पुसायची. चाकांवरची काळी पुटं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने छान निघतात.

कूलरचा झोत मात्र लेआउटवर येऊ देऊ नका. मागच्या वर्षी दमट हवेने माझं प्लायवुड फुगलं, रुळांचे सांधे वरखाली झाले. अन् थंडीत रूळ जोडताना बारीक फट ठेवली नसेल, तर एप्रिलात ते वाकायची भीती असतेच.

बाहेर पडायचा मोह आवरत नसेल, तर सरळ मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठावं. मी तिथूनच नॅरोगेज मॉडेलचं नवं खूळ घेऊन आलो. दोन रुळांत ७६२ मिमी अंतर असलेलं नॅरोगेज १:८७ मापात (खऱ्याच्या ८७ पट लहान) ८.८ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे एन गेज या छोट्या मॉडेल रेल्वेचे ९ मिमीचे तयार रूळ चालून जातात. सध्या पुठ्ठ्याचे डबे कापतोय, तेही मुंगवड्या वाळेपर्यंतच.