मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना लेखकाचा हेतू कसा ओळखायला शिकवावा?
नमस्कार. मी नागपुरात चौथीला मराठी शिकवते. माहिती देणे, मत पटवणे, मनोरंजन करणे हे हेतू मुलांना तोंडपाठ आहेत. परंतु उतारा समोर आला की ती विषयालाच हेतू समजतात. काल संत्र्यावरचे तीन उतारे फळ्यावर लिहिले: आंबिया आणि मृग बहाराची (संत्र्याला फुले येण्याच्या दोन हंगामांची) माहिती, रसाची जाहिरात आणि बोलक्या संत्र्याची गोष्ट. तिन्हींना उत्तर एकच, 'संत्र्याबद्दल सांगायला'. जाहिरातीतल्या 'आजच प्या' या शब्दांखाली रेघ ओढली, तेव्हा कुठे एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्याले घ्यायले लावून राहिले!" असे शब्द मुलांनी स्वतःहून हेरावेत, यासाठी आपण वर्गात काय करता? शिवाय गोष्टीतून माहिती देणारा पाठ, जो मला सर्वांत अवघड वाटतो, कसा हाताळता, तेही कृपया सविस्तर कळवावे.