नववीच्या मुलांना कारखान्यात काय शिकवावं?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिकवते. दसऱ्याच्या सुट्टीत १२ मुलांना आठवडाभर काम बघायला पाठवायचंय. गेल्या वर्षी एका ठिकाणी पोरांकडून नुसतं झाडून घेतलं. फार लागलं मनाला.

उत्तर: बाई, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं लेथचं, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्राचं, वर्कशॉप आहे. फाउंड्रीच्या (धातू वितळवून ओतायच्या कारखान्याच्या) भट्टीजवळ पाठवूच नका, १८ च्या आतल्यांना धोक्याच्या कामावर कायद्यानंच बंदी आहे. मोजमाप शिकवा. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीवर, ०.०२ मिलिमीटर वाचता आलं की पोराचा चेहराच बदलतो. दोघांना पाठवा, मी स्वतः शेजारी उभा राहीन.

उत्तर: बेळगावातल्या वडगावात आमचे कापड विणायचे माग आहेत. बंद मागावर तुटलेला धागा सांधायला शिकवू. पालकांची सही मात्र आधी घ्या, आणि परतीच्या बसची वेळ बघा.

प्रश्नकर्ती: शनिवारी शाळा सुटल्यावर येते दोघांकडे.