पाच वूड इतक्यात काढू नका
तुम्ही लिहिलंय की गोल्फमध्ये फेअरवे वूड (जमिनीवरून लांब मारायचे मोठ्या डोक्याचे क्लब) जमत नाहीत म्हणून त्यातलं पाच नंबरचं, म्हणजे पाच वूड, काढून दोन हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधले क्लब) घेणार. एक हायब्रिड जरूर घ्या, पण दुसऱ्याआधी थोडं थांबा.

दोन्हींचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा कल, १८-१९ अंशांच्या आसपास असला तरी चेंडू सारखा उडत नाही. वूडचा शाफ्ट (दांडा) हायब्रिडपेक्षा साधारण दोन इंच लांब असतो आणि डोकं मागे पसरलेलं, त्यामुळे वजनही मागे जातं. चेंडू उंच जातो, लांब जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) वरून उतरतो. हायब्रिडचा चेंडू कमी उंचीवरून येतो आणि बराच घरंगळतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे जमीन कडक झाली की हा फरक फार जाणवतो.

पावसाळ्यात मात्र उलट. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर ओल्या रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) माझं वूड गवतात अडकून फिरायचं, हायब्रिडचं अरुंद डोकं सहज निघतं. पुण्याजवळच्या लवळ्याच्या कोर्सच्या चढउतारांवर, पाय वरखाली असताना, आखूड शाफ्टचा आधार वाटतो तो वेगळाच.

अजून एक, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही: तुमचा चेंडू मुळातच डावीकडे वळत असेल (उजव्या हाताने खेळत असाल तर), तर हायब्रिडने तो आणखी वळू शकतो. मला वर्षभर हाच त्रास झाला.

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कृत्रिम गवताच्या मॅटवरून मारून ठरवू नका. मॅट चुका झाकते. दोन्ही क्लब उसने घ्या आणि खऱ्या गवतावरून दहा-दहा चेंडू मारून बघा.