शब्दचर्चा: इलेक्ट्रिकल ड्रॉइंगमधली 'प्रॉपर्टी', गुणधर्म म्हणावं का?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत एका इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे ड्रॉइंगचं काम शिकते आहे. सॉफ्टवेअरमध्ये कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, चिन्हावर क्लिक केलं की 'प्रॉपर्टीज' उघडतात. आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढायची आहेत. सर म्हणतात 'गुणधर्म' लिही. मला तो शब्द तिथे बसत नाही.

उत्तर: ताई, नाहीच बसत. तांबं वीज वाहून नेतं, हा तांब्याचा गुणधर्म. तो कोणी भरला नाही, कोणाला पुसता येत नाही. तुमच्यासमोर काय असतं? टॅग (उपकरणाचं ड्रॉइंगमधलं नाव), वर्णन, कंपनी, कॅटलॉग नंबर, बसवण्याची जागा. हे सगळं डिझाइन करणाऱ्यानं ठरवलेलं. मी सरळ 'तपशील' लिहीन.

उत्तर: तपशील जवळचा आहे, पण खरी गंमत त्यातून निसटते. तपशील साध्या अक्षरांतही लिहिता येतो. प्रॉपर्टी वस्तूला बांधलेली असते. एकच कॉन्टॅक्टर घ्या, -के१. त्याची कॉइल, म्हणजे वीज दिली की कॉन्टॅक्ट ओढणारी गुंडाळी, टोकं ए१-ए२, कंट्रोलच्या पानावर. मुख्य वीज जोडणारे मेन कॉन्टॅक्ट पॉवरच्या पानावर. १३-१४ या टोकांचा ऑक्झिलरी, म्हणजे जोडीचा छोटा, कॉन्टॅक्ट इंडिकेशनच्या (दिव्यांच्या) पानावर. चिन्हं तीन, वस्तू एक. कॉइलचा टॅग -के५ केला की तिला जोडलेले कॉन्टॅक्टही -के५ होतात. कोणी नुसता मजकूर म्हणून 'के१' टाइप करून ठेवला असेल, तर तो तसाच राहतो आणि वायरमन भलत्याच ठिकाणी वायर शोधत बसतो. १३-१४ हा आकडा मात्र त्या एका कॉन्टॅक्टचा. तो कॉइलकडे जात नाही.

शिवाय काही गोष्टी चिन्हाला वरून मिळतात. आयईसी ८१३४६ मध्ये, म्हणजे उपकरणांना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, '=' म्हणजे कार्य, '+' म्हणजे जागा, '-' म्हणजे उपकरण. पॅनेलच्या चौकटीला '+' दिलं की आतल्या चिन्हांना ती जागा आपोआप लागते. म्हणून 'नोंद' म्हणा. नोंद कोणाच्या तरी नावावर असते, बदलते, रिकामी राहते.

प्रश्नकर्ती: मग 'प्रॉपर्टी' हा शब्द काढूनच टाकू?

उत्तर: काहून काढता? मुलं कामावर गेली की स्क्रीनवर तोच दिसणार आहे. फक्त नुसता सोडू नका. आपल्या नागपुरात 'प्रॉपर्टी' काय आणि 'लेआउट' काय, ऐकणारा आधी प्लॉटकडेच वळतो, आणि पॅनेलच्या कामात हे दोन्ही शब्द रोजचे. पहिल्यांदा 'प्रॉपर्टी, म्हणजे वस्तूला जोडलेली नोंद' असं लिहा, पुढे 'नोंद' चालवा. वाक्यात घालून बघा: "-के१ ची कॅटलॉगची नोंद रिकामी आहे, म्हणून मटेरियल लिस्टमध्ये त्याचा नंबर आला नाही." इथे 'गुणधर्म रिकामा आहे' लिहून बघा, लगेच खटकेल.

प्रश्नकर्ती: वाचून पाहिलं, नोंदच ठेवते. १३-१४ साठी 'कॉन्टॅक्टची नोंद' आणि टॅगसाठी 'उपकरणाची नोंद' असं वेगळं लिहिते.